टेकाडामागचा चंद्र

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी.

कोणाला सांगू नको, असं हे म्हणाले. सांगू नको म्हटलं की माझ्या पोटात राहत नाही, एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना ते कळलं नाही. शेजारच्या सरूबाईला सांगावं तर सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात पोचेल. म्हणून समृद्धीची कॉलेजची अर्धी कोरी वही काढली. लेक सासरी गेली, वह्या इथंच. हिला सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुकेल ते चुकेल.

तर पुण्याचा एक माणूस, घड्याळं जमवणारा, घड्याळ बघायला येणार आहे.

घड्याळ म्हणजे ह्यांनी केलेलं मनगटी घड्याळ. दुरुस्त केलेलं नाही, केलेलं. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण वहीत कोण ऐकतंय. कुंडलिक. राजुरीत पडवीत टेबल, सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात टेबल. मोबाईल आल्यापासून घड्याळ कोण दुरुस्त करतंय? सेल बदलायचे नाहीतर पट्टे विकायचे. राहिलेला सगळा वेळ ह्या एका घड्याळाला. एकेक चाक पितळेतून कापायचं, कानशीनं घासायचं, डोळ्याला भिंग लावून. समृद्धी अंगणवाडीत जायला लागली तेव्हा सुरू केलं, तिचं लग्न झालं तरी चाललंच होतं. मेंढरं विकली, शेत मी बघितलं, पण ह्यांना टेबलावरून उठ म्हणले नाही.

सेल नाही, चावी द्यायची. वेळ दाखवतं, तिथी दाखवतं, मराठी महिना दाखवतं. अधिक महिना आला की बाजूची कळ दाबायची, तोच महिना दोनदा मोजतं. आणि एक बारका निळा काटा आहे. संकष्टीला चंद्र किती वाजता दिसणार ते तो सांगतो. त्याला हे साळूचा काटा म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, आहेच तो माझा.

त्या काट्याखाली पितळेची वाकडी चकती आहे, पानासारखी. तिचा काठ जसा आतबाहेर तसा काटा मागंपुढं. तो काठ माझ्या डोळ्यांनी कापलाय. दर संकष्टीला उपाशीपोटी मी अंगणात. पूर्वेला टेकाड. टेकाडामागून चंद्राची कड दिसली की मी ओरडायची, "आला!" आत हे वेळ टिपायचे. ढग असले की त्या महिन्याचं ते वर्ष वाया. आषाढ-श्रावण जमायला तर किती वर्षं गेली. उसात बिबट्या. दिवे लागले की लोक दारं लावून घेतात, आणि मी काठी घेऊन चंद्राची वाट बघत उभी.

आज पण उभी राहिले. काटा म्हणाला तेव्हाच आला. मग मी जेवले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बेल्ह्याचा बाजार बुडवून हे घरी थांबले. साहेब आले. गाडी एवढी लांबलचक की मळ्याच्या रस्त्याला वळेना, शेवटी चालत आले, बूट चिखलात. आणलं कोणी? ऋषीनं. माझ्या दिराचा पोरगा, चाकणला कंपनीत मशीनवर आहे. त्यानंच घड्याळाचा व्हिडिओ कुठंतरी टाकला आणि हे लचांड लागलं.

साहेबांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाले, "कुंडलिकराव, हे तुम्ही एकट्यानं केलंत?"

मी चहा घेऊन शेजारीच उभी. जरा खाकरले.

"हिनं पण..." हे म्हणाले, आणि तेवढ्यात साहेबांनी अधिक महिन्याच्या कळीचं विचारलं. मग काय, कळीवर गाडी गेली ती तासभर. माझं राहिलं.

चहा देताना ह्यांनी कप भलतीकडंच धरला, साहेबांच्या पँटीवर ओतला. मी म्हणले, "नीट धरा की!" मोठा माणूस बघितला की ह्यांचे हात कापतात.

ऋषी जाताना म्हणाला, "काकू, जगात असं घड्याळ दुसरं न्हाई. काकांचं नाव कुठं जाईल बघ."

"आणि काकूचं?"

"तुझं बी जाईल की. चहा लई भारी झाला व्हता."

दात काढत गेला मेला.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. लेक येऊन गेली. लिहायला सवड नव्हती आणि मनही नव्हतं.

घड्याळ साहेबांना द्यायचं ठरलं. कोणी ठरवलं? काका-पुतण्यानं. मला पाडव्याला ओवाळताना सांगितलं, म्हणजे ताट हातात, भांडता पण येईना.

आज भांडले. म्हणले, "विकायला करत व्हता का एवढी वर्षं?"

"मग काय पेटीत घालून ठेवू?"

"दुसरं करा आन् ते विका. आता तर समदं येतंय तुमाला."

"दुसरं आता व्हायचं न्हाई माझ्याच्यानं."

पन्नाशीचा धडधाकट माणूस. ह्याचा बाप सत्तरीत मेंढरामागं कोकणात उतरत होता. आणि ह्याच्याच्यानं होत नाही म्हणे! साहेबाचा हात पाठीवर पडला तेव्हापासून अंगात आळस भरलाय. भिंग ऋषीच्या डोळ्याला, पेचकस ऋषीच्या हातात. शनिवार-रविवार तो येतो आणि टेबलावर बसतो. हे शेजारी स्टुलावर, नुसतं "झालं का? बसलं का?" मोटरसायकल पण सोडली. बाजाराला जायचं तर ऋषी नाहीतर टेंपो. शेठला ड्रायव्हर लागतो आता.

सरूबाई दुपारी आली. ती पण म्हणाली, "भावजींना लई मोठेपणा आला बाई. बाजारात समोरून गेले, मी राम राम घातला तर बघून न बघितल्यासारखं. मी म्हणलं, पुण्याची हवा लागली वाटतं."

मला लाज वाटली. संध्याकाळी ह्यांना विचारलं, सरूबाईला ओळख का नाही दाखवली? म्हणाले, "सरू व्हती का ती?" आणि हसले. हसायला काय झालं?

घड्याळ साहेब घेऊन गेलेत. महिनाभर घालून बघणार, मग पुण्यात मोठा कार्यक्रम.

९ नोव्हेंबर, रविवार

काल संकष्टी. आज सकाळीच साहेबांचा फोन. ह्यांनी स्पीकरवर ठेवला. मी चुलीपाशी, सगळं ऐकू येत होतं.

"कुंडलिकराव, बाकी सगळं अप्रतिम आहे. पण चंद्राचा काटा मागे आहे. काल गच्चीवर उभा होतो. चंद्र चांगला वर आला होता, आणि काटा म्हणतोय अजून वेळ आहे."

हे म्हणाले, "आमच्याकडं काल बरोबर आला असंल बघा."

"अहो, तुमच्याकडे टेकडी आहे ना पूर्वेला? मी त्या दिवशी बघितली. तुम्ही टेकडीवर आलेला चंद्र धरलाय. घड्याळ घालणारा तुमच्या अंगणात थोडाच राहणार आहे?"

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अरे तिच्या," म्हणाले. एवढा हुशार माणूस, दुनियेचं पंचांग घड्याळात भरलं, पण चंद्र आपल्या टेकाडावरच उगवतो असं धरून चालला. आणि मी तरी काय. डिंभ्याला माहेरी डोंगरामुळं ह्याच्याहून उशिरा दिसतो, लहानपणी भुकेनं रडायचे मी. तरी आम्हा दोघांच्या डोक्यात हे आलं नाही.

मी फोनजवळ जाऊन म्हणले, "साहेब, चूक न्हाई त्ये. मी सोता बघितलाय."

"कोण बोलतंय?"

"घरचे आहेत," हे म्हणाले आणि स्पीकर बंद केला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज लिहिते ते रागानं लिहिते.

ऋषीनं नवीन चकती आणली. चाकणला मशीनवर कापलेली, कॉम्प्युटरमधल्या वेळा घालून. त्यात टेकाड नाही, अंगण नाही, मी नाही. घड्याळ साहेबांनी परत पाठवलं होतं, ते उघडलं, माझी चकती काढली आणि ही बसवली. भाजीतला खडा काढावा तेवढा वेळ लागला.

मी दारात उभी राहून म्हणले, "ऋषी, हात लावू नको त्याला."

"काकू, समजून घे. तुझा चंद्र टेकाडामुळं उशिरा दिसतो."

"माझा चंद्र? मग तुझा कोणता, चाकणचा?"

"तसं न्हाई गं..."

"अहो, तुमी बोला की!" मी ह्यांना म्हणले. "समदं घड्याळ न्या, त्याला दाखवा न्हाईतर देवाला वाहा. पण हा काटा माझा हाये. तुमीच म्हणला व्हता."

हे स्टुलावर बसून होते. नवी चकती बोटात धरलेली, काठावरून अंगठ्याचं नख फिरवत होते, पुन्हा पुन्हा. वर न बघता म्हणाले, "साहेबांचं बरोबर हाये, साळू. चुकीचं घड्याळ कसं देऊ? माझं हे एकच हाये."

एकच आहे, म्हणून माझं काढायचं. वा.

मग ऋषीला म्हणाले, "जुनी चकती मला दे." ऋषीनं टेबलावर ठेवली. हे चाचपत होते तेवढ्यात मी बैलाला हाकलावं तसं दोघांना जेवायला हाकललं. ते हात धुवायला गेले, मी चकती उचलून कनवटीला लावली.

ह्यांच्याकडं ती कशाला ठेवायची? दुसऱ्या कुठल्या चाकाला जोडतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भंगारवाला आला होता. फुटकी बादली, पत्र्याचा तुकडा आणि ती चकती देऊन टाकली. तो म्हणाला, "मावशी, हे काय हाये?" मी म्हणले, "पितळ."

मन हलकं होईल वाटलं होतं. झालं नाही.

हे चार दिवस टेबलापाशी काहीतरी शोधतायत. खण उपसले, टेबलाखाली बसून फरशी हातानं झाडली. मी विचारलं, काय हरवलं? "काय न्हाई, एक पेचकस." पेचकस तर समोर पडलेले, चांगले पाच-सहा. मी म्हणले, हे काय समोर. तर म्हणे "ह्यातला न्हाई." मग मी पण सोडून दिलं. कांद्याची लागण चालू आहे, बायका मिळत नाहीत, मला कुठं पेचकस शोधायला वेळ आहे.

७ डिसेंबर, रविवार. संकष्टी.

आज अंगणात गेले नाही. मोबाईलमध्ये पुण्याची वेळ असते, ती बघून उपास सोडला. साहेबाचा चंद्र चालतो ना सगळ्यांना, मग मला पण चालेल.

हे दाराशी येऊन उभे राहिले होते. "आज ओरडली न्हाईस?"

"कोणासाठी ओरडू?"

उंबऱ्याला ठेचकाळले आणि आत आले. दिवा लावलेला होता, उंबरा काय आज बसवलाय?

२१ डिसेंबर, रविवार

आज पुण्यात कार्यक्रम. मला नेलं नाही. ऋषी म्हणाला गाडीत जागा नाही. गाडीत दोघं होते, मी बघितलं ना जाताना. ह्यांना म्हणले, "मी येऊ का?" तर ऋषीच बोलला, "काकू, तिथं समदे इंग्रजी बोलणारे, तू कंटाळशील." आणि हे? ऋषीच्या दंडाला धरून गाडीपर्यंत गेले, नवरदेवासारखे.

माझी चांगली साडी काल रात्रीच काढून ठेवली होती. परत पेटीत ठेवली.

२३ डिसेंबर, मंगळवार

सरूबाईची सून मोबाईल घेऊन आली. "काकू, काकांचा व्हिडिओ आलाय!" तिघी ओट्यावर बसलो.

मोठा हॉल. हे खुर्चीत, अंगात नवा कोट. कोणाचा कोण जाणे. घड्याळ काचेत. साहेब माईकवर. इंग्रजी बोलले, मग मराठी. म्हणाले, ह्या घड्याळाचं रहस्य सांगतो. कुंडलिकरावांचे वडील मेंढपाळ. उघड्या माळावर, आभाळाखाली झोपणारे. त्यांनी वर्षानुवर्षं चंद्र बघितला, कधी उगवतो ते मुलाला सांगितलं, आणि त्या मेंढपाळाची नजर ह्या निळ्या काट्यात उतरली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मान डोलवली. मी परत लावायला सांगितलं. परत मान डोलवली.

सरूबाई म्हणाली, "पर तुझे मामंजी तर सांज झाली की घोंगडी ओढून घोरायचे. आन् चंद्र तर तू बघायची की गं?"

मी उठले आणि शेळ्या सोडायला गेले. सरूबाईसमोर रडायचं नव्हतं.

संध्याकाळी घरात धरलं. "तुमच्या बापानं कधी बघितला चंद्र?"

ह्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "साहेब म्हणले तसं सांगितलं की लोकास्नी आवडतं. मेंढपाळ, माळ, आभाळ. बायको अंगणात उभी ऱ्हायची ह्यात काय गोष्ट न्हाई, असं म्हणले."

"आन् तुमी काय म्हणला?"

"मी म्हणलो, ठीक हाये. बापाचं नाव लागलं तर बिघडलं काय? मेलेला माणूस."

"बापाचं लागलं. माझं गेलं."

"साळू, मला तवा दुसरंच डोक्यात व्हतं. शेवटचं बघत व्हतो मी त्याच्याकडं. दिसतंय का बघत व्हतो."

"काचेत ठेवलेलं न दिसायला काय झालं! टीव्हीवाल्यांचे एवढे दिवे."

उठून पडवीत टेबलापाशी जाऊन बसले. ह्यावर पुढं बोलायला तोंड कुठं होतं?

चकती काढली तेव्हा मी मनाला समजावलं, की घड्याळ चुकीचं नको, कारागीर माणूस आहे. पण हे कारागिरीचं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. माईक समोर होता. "हिनं बघितला" एवढंच. तेवढं पण जड झालं. आता मी पण ह्यांना 'हे' म्हणून लिहिणार नाही. तो. कुंडलिक.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.

ओझरला पहाटेपासून गर्दी, रस्ता गाड्यांनी भरला. मी गेले नाही. दिवसभर कांद्यात होते. त्यानं पण उपास धरला होता, मला न सांगता. सकाळी चहा नको म्हणाला तेव्हा कळलं.

पंधरा दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. ऋषी दोनदा येऊन गेला, दोघं सकाळी जुन्नरला जातात आणि दुपारी येतात. कुठं जाता म्हणून मी विचारत नाही. तो सांगत नाही. एकदा डोळ्याला काळा चष्मा लावून आला. म्हणले, आता हिरो पण झाला.

संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. तो काठी घेऊन अंगणात गेला. माझीच काठी. आणि माझ्याच जागेवर उभा राहिला, तोंड टेकाडाकडं. टेकाडाकडं पण धड नाही, जरा उसाच्या अंगाला.

मी दारातून बघितलं. कशाला उभा असेल? म्हणले, आज लाडीगोडी लावणार. एवढ्या वर्षांत एकदा उभा राहिला नाही, आणि आता सगळं विकून झाल्यावर.

तो म्हणाला, "साळू, आजपासून मी उभा ऱ्हातो. तू बस."

"ऱ्हावा."

भाकऱ्या झाल्या. पिठलं झालं. परत दारात आले तर चंद्र टेकाडावर चांगला हातभर आलेला. उसाची पानं चमकत होती, त्याच्या पांढऱ्या टोपीवर उजेड पडला होता. आणि तो तसाच उभा.

माझी चाहूल लागली असेल. मागं न वळता म्हणाला, "आला का गं?"

समोर एवढा चंद्र, आणि मला विचारतो. मी ओरडावं म्हणून. मी आला म्हणून ओरडले की झालं, सगळं पहिल्यासारखं, चकती गेली ती गेली, बापाचं नाव लागलं ते लागलं. माझ्याच तोंडून माफी पाहिजे त्याला, ती पण मी ओरडून द्यायची.

मी म्हणले, "न्हाई अजून."

"बरं," तो म्हणाला.

मी आत आले. गणपतीला नैवेद्य दाखवला आणि जेवले. पोटभर जेवले. त्याचं ताट झाकून ठेवलं आणि वाकळ ओढली. मधूनमधून त्याची काठी वाजत होती अंगणात. एकदा म्हणाला, "ह्या बारीला लईच उशीर केला." माझ्याशी बोलत होता का चंद्राशी, कोण जाणे.

७ जानेवारी, बुधवार

ताट झाकलेलं तसंच होतं. पिठलं वाळून गेलेलं.

तो पडवीत बसला होता, टेबलापाशी, टेबल रिकामं. माझी पावलं ऐकून तोंड वर केलं. बघितलं माझ्याकडं, पण जरा बाजूला, खुंटीवरच्या कंदिलाकडं बघावं तसं.

"रात्री ढग व्हते का गं?"

ह्या दिवसांत कुठले ढग. आभाळ पाण्यानं धुतल्यासारखं होतं. मला वाटलं, आता हा मलाच खोटं पाडणार. पण त्याच्या तोंडावर भांडण नव्हतं. खरंच विचारत होता, पावण्यानं गावाचा रस्ता विचारावा तसा.

मी म्हणले, "व्हते."

"मग बरं," म्हणाला. मोठा श्वास सोडला. "मला वाटलं..."

काय वाटलं ते मी विचारलं नाही. त्यानं तरी मला कधी काय विचारलं होतं. तेवढ्यात लाईट आली, मी मोटर चालू करायला विहिरीवर गेले.